काचेवर फोडलेलं खापर

मे महिन्यात सकाळच्या सफारीहून परतलेल्या जिप्सी ताडोब्याच्या मोहर्ली गेटबाहेर लागल्या की चहाच्या टपरीवर एक विधी पार पडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाघ बघितला जातो, मग बटण दाबून तो मोठा केला जातो, आणखी मोठा केला जातो, आणि डोळ्यापाशी पोचल्यावर बघणाऱ्याचा चेहरा पडतो. डोळा मऊ आहे. मिशा वितळल्यासारख्या दिसतायत. शेजारचा मुरलेला गडी फोटोकडे नाही, लेन्सकडे एक नजर टाकतो आणि निदान सांगून मोकळा होतो : “दीडशे-सहाशेच्या झूममध्ये एवढंच येणार. शार्प हवं तर प्राइमला पर्याय नाही.”

हे निदान इतक्यांच्या तोंडून ऐकू येतं, की ते तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. 600 मिलिमीटर एफ/4 ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स आपल्याकडे दहा लाखांच्या वर जाते. त्यामुळे ऐकणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात : हप्ते बांधून घ्यायचे, नाहीतर कॅमेरा कपाटात ठेवायचा. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही निर्णय चुकीच्या कारणासाठी घेतलेले असतात. टपरीवरचे बहुसंख्य मऊ फोटो काचेमुळे मऊ झालेलेच नसतात. ते हवेमुळे झालेले असतात, हातामुळे, चालू इंजिनामुळे आणि सगळ्यांत जास्त अंतरामुळे. काच बिचारी समोर असते आणि तिला बोलता येत नाही, म्हणून खापर तिच्यावर फुटतं.

हवेपासूनच सुरुवात करावी, कारण तिचं नाव या निदानात कधीच येत नाही.

तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते, तिच्या जागी थंड हवा येते, आणि हे सगळं एकसारखं न होता फुगे फुटावेत तसं होत राहतं. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. म्हणजे लेन्स आणि प्राणी यांच्यामध्ये हवेच्या शेकडो वाकड्यातिकड्या भिंगांची रांग उभी असते, आणि ती सतत हलत असते. मराठीत याला झळा म्हणतात, आणि त्यातून जो पाण्याचा भास होतो त्याला मृगजळ. हरणाला फसवणाऱ्या गोष्टीचं नाव भाषेत केव्हाचं आहे. हरणाचा फोटो काढणाऱ्याला मात्र ती आठवत नाही.

आकडे बघितले की हे किती गंभीर आहे ते कळतं. 45 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर दोन पिक्सेलमधलं अंतर साधारण 4.35 मायक्रॉन असतं. पुढे 600 मिलिमीटरची लेन्स लावली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला दीड विकला एवढा कोन येतो. अंशाचे 3,600 भाग केले तर एक भाग म्हणजे एक विकला. शंभर मीटरवर हा कोन पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आता खगोलशास्त्रज्ञांचं बघा. लडाखमधल्या हानलेची 2 मीटर आरशाची दुर्बीण 4,500 मीटर उंचीवर नेऊन बसवली आहे, कारण खालच्या जाड, चंचल हवेतून सुटका हवी होती. तिथे चांगल्या रात्रीसुद्धा हवेमुळे तारा एखाद्या विकलेइतका पसरतोच. थंड डोंगरमाथ्यावरून सरळ वर बघणाऱ्या, रात्रीच्या दुर्बिणीची ही गत. मग चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, तापलेल्या मुरमाच्या रस्त्याला समांतर, जमिनीपासून दीड-दोन मीटरवरून दोनशे मीटर लांबच्या वाघिणीचा फोटो काढणाऱ्याने कुठल्या काचेवर भरवसा ठेवायचा? जगातली सर्वोत्तम लेन्स तिथे एवढंच करील : झळा अधिक तपशिलात टिपील.

गंमत अशी, की पर्यटक ताडोब्याला जास्तीत जास्त येतात ते एप्रिल-मेमध्येच. पानगळ झालेली असते, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरलेलं असतं, वाघ दिसायची शक्यता वाढते. म्हणजे सायटिंगचा हंगाम आणि झळांचा हंगाम एकच. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात तर उन्हाळ्याचीही वाट बघावी लागत नाही. उघडं माळरान, विरळ झाडी, आणि दीडशे मीटरवर उभं चिंकारा. हिवाळ्यातही सकाळ जरा वर आली की त्याचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे थरथरायला लागतात. अशा वेळी वीस फ्रेमपैकी एखादी बरी येते, बाकीच्या जलरंगात काढल्यासारख्या. त्या एका फ्रेममुळे फोटोग्राफरला वाटतं, की आपली फोकस मोटर लहरी आहे. लहरी असते ती हवा.

याच जातीच्या आणखी दोन चुका सर्रास दिसतात. पुढच्या सीटवरून बॉनेटवरून फोटो काढणं ही एक : आत्ताच बंद केलेल्या इंजिनाची उष्णता थेट लेन्सच्या तोंडासमोरून वर चढत असते. दुसरी हिवाळ्यातली. गरम गाडीतून बाहेर काढलेली लेन्स थंड हवेत आली, की लांब हूडच्या नळकांड्यात काही वेळ आतल्या आतच झळा तयार होतात. लेन्स थोडी निवू द्यावी, एवढाच उपाय.

दुसरा आरोपी हात, किंवा नेमकं बोलायचं तर शटर स्पीडबद्दलची कंजुषी. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम सांगतो, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितकाव्या भागाहून जास्त वेळ शटर उघडं ठेवू नये. 600 ला 1/600. तो नियम हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोंच्या, साध्या आकाराच्या प्रिंटसाठी होता. आज 45 मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघणाऱ्याला तो पुरत नाही. हात लांब करून अंगठा धरला तर तो दोनेक अंश झाकतो. 600 ची अख्खी चौकट आडवी जेमतेम साडेतीन अंशांची. पावणेदोन अंगठ्यांएवढ्या त्या खिडकीत श्वाससुद्धा भूकंप होतो.

इथे स्टॅबिलायझेशनचा दाखला दिला जातो. कॅननने 1995 मध्ये एसएलआरच्या लेन्समध्ये ते आणलं तेव्हापासून त्याने खरोखर उपकार केले आहेत. पण ते हात स्थिर करतं, चितळ नाही. मान वळवणाऱ्या चितळाला 1/200 पुरत नाही, आणि उडत्या धीवराच्या पंखाचं टोक गोठवायचं तर 1/2000 च्या पुढेच जावं लागतं.

मग लोक शटर स्पीड का वाढवत नाहीत? कारण आयएसओची भीती. “आठशेच्या वर जाऊ नका” हा सल्ला अजूनही कानावर येतो. तो फिल्मच्या आणि सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात ठीक होता. 2007 साली निकॉनचा डी3 आयएसओ 6400 ची नेहमीची मर्यादा घेऊन आला, तेव्हाच त्या सल्ल्याचं वय झालं होतं. पहाटेच्या जंगलात आयएसओ 800 ला 1/80 मिळत असेल, तर 6400 ला 1/640 मिळतो; मधलं अंतर बरोबर तीन स्टॉपचं, म्हणजे तीनदा दुप्पट. पहिल्या फोटोत गुळगुळीत, स्वच्छ, पण हललेला वाघ येतो. दुसऱ्यात दाणेदार, पण धारदार. दाणे नंतर कमी करता येतात. हललेल्या फोटोत जे टिपलंच गेलं नाही, ते कुठून आणणार? टपरीवर प्राइमची शिफारस झालेल्या फोटोंची माहिती उघडून बघितली, तर त्यातले कितीतरी 1/125, 1/160 वर काढलेले निघतील. लेन्स बदलून त्यांचं काय होणार होतं?

तिसरी गोष्ट जिप्सीची. गाडीत ड्रायव्हर, गाइड आणि सहा पर्यटक. यातल्या कुणीही वाघ बघायला बूड हलवलं, तरी ते लेन्सच्या टोकापर्यंत पोचतं. इंजिन चालू असेल तर बोलायलाच नको. “ट्रायपॉडशिवाय टेलिफोटो नाही” हे वाक्य पुस्तकात शोभतं. भरलेल्या जिप्सीत त्याचे तीन पाय पसरायला जागा नसते, आणि पसरलेच तर गाडीची सगळी थरथर तो इमानेइतबारे कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर कुंभारगाव किंवा डिकसळहून होडीत बसून रोहित पक्षी टिपणाऱ्यांनाही हाच अनुभव. होडीत रोवलेला ट्रायपॉड होडीबरोबर डुलतो. हातात धरलेली लेन्स माणूस कमरेतून सावरतो. जिप्सीत सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे बीन बॅग. कापडी पिशवी घरून रिकामी न्यायची आणि मुक्कामी तांदूळ भरायचे. दहा लाखांच्या चर्चेत तांदळाचा भाव काढणं अनेकांना कमीपणाचं वाटतं, हा भाग वेगळा.

आता प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मोठी प्राइम खरोखरच उत्तम असते. तिचा फोकस झटकन बसतो, टेलिकन्व्हर्टर लावला तरी ती फारशी ढासळत नाही, मागची पार्श्वभूमी साय पसरल्यासारखी होते, आणि ती प्राइम प्रकाशही जास्त घेते. किती जास्त? झूमच्या एफ/6.3 वरून प्राइमच्या एफ/4 वर आलं, की सव्वा स्टॉपच्या जरा वर. म्हणजे जिथे आयएसओ 6400 लागत होता, तिथे 2500 पुरतो. ही सवलत खरी आहे, आणि ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्याने ती जरूर विकत घ्यावी. पण सव्वा स्टॉप म्हणजे सव्वा स्टॉप. त्याने हवा थंड होत नाही आणि ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही.

शिवाय या सवलतीची एक किंमत पावतीवर छापलेली नसते. 600 ची लेन्स एफ/4 वर उघडून 20 मीटरवर फोकस केली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून साधारण 27 सेंटीमीटरचा. अंतर 10 मीटर झालं की तो 7 सेंटीमीटरवर येतो. समोरून येणाऱ्या वाघाचं नाक आणि डोळा एका प्रतलात नसतात. फोकस नाकावर बसला की डोळा मऊ, आणि मऊ डोळा म्हणजे मऊ फोटो. हौसेने महागडी लेन्स घेऊन ती कायम पूर्ण उघडी ठेवणारे लोक अशा फोटोंचा ढीग घेऊन परततात, आणि तेव्हा दोष बॉडीवर जातो. आता मिररलेस कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः शोधतात. सोनीने 2019 मध्ये आणि कॅननने 2020 च्या आर5 मध्ये ही सोय दिल्यापासून नाकाची चूक बरीच कमी झाली आहे. तरीही मध्ये गवताचं एखादं पातं आलं, तर यंत्राची आणि माणसाची सारखीच फजिती होते.

खरा मुद्दा अंतराचा. छोटा धीवर, म्हणजे आपला नेहमीचा खंड्या, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 17 सेंटीमीटर. तीस मीटरवर 600 ची लेन्स त्याला सेन्सरवर 3.4 मिलिमीटरचा करते. 36 मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत दहावा हिस्साही नाही. मग क्रॉप करायचा, क्रॉपमध्ये दाणे दिसायचे, आणि निष्कर्ष : लेन्स मऊ. तोच पक्षी 15 मीटरवर आला तर दुप्पट मोठा, क्षेत्रफळाने चौपट, आणि मधली हवा निम्मी. बाराशेची लेन्स फुकटात. टेलिकन्व्हर्टर मोठेपणा देतो, पण त्याबरोबर प्रकाश खातो आणि हवा तेवढीच ठेवतो. अंतर कमी होण्याची बरोबरी त्याला करता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. “जवळ जा” असं सांगितलं की जिप्सीवाले वाघाच्या अंगावर गाडी घालतील, आणि पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत लोक पोचतील. त्यापेक्षा लांब लेन्स बरी. आक्षेपातली भीती खरी आहे. ड्रायव्हरच्या खांद्यावर थापा मारत “भाऊ, थोडी पुढे घ्या ना” म्हणणारे पर्यटक सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यांच्या हातात नेमकं काय असतं, तेही बघावं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखायला सांगतात. वीस मीटरवर 600 ची आडवी चौकट 1.2 मीटर रुंद. पूर्ण वाढलेला वाघ त्यात मावत नाही. त्याला 300 ची लेन्स पुरते. म्हणजे नियम पाळून जो वाघ जवळ मिळतो त्याला लांब लेन्स लागत नाही, आणि जो लांब आहे तो उन्हाळ्याच्या दुपारी लांब लेन्सने शार्प येत नाही. लांब लेन्सवाला पुढे सरकायचा हट्ट करतो तो चौकट भरण्यासाठी, आणि चौकट भरण्याचं वेड त्याला लेन्सनेच लावलेलं असतं.

जवळ जाणं आणि प्राण्याने जवळ येणं यांत फरक आहे. सिंगापूरचे छायाचित्रकार लोक वान थो हे पक्षीतज्ज्ञ सलीम अलींबरोबर भारतात हिंडून पक्ष्यांचे फोटो काढत, ते तासन्‌तास लपणात बसून. पाणवठ्यावर इंजिन बंद करून, बीन बॅगवर लेन्स ठेवून, वाट बघणारी जिप्सी हे त्या लपणाचंच आजचं रूप. ती प्राण्यांच्या इशाऱ्याच्या एका कॉलमागून दुसऱ्या कॉलकडे धावत नाही, म्हणून धूळही कमी खाते. भिगवणचे नावाडीही हेच करतात : थव्याकडे सरळ न जाता तिरकं जातात, मध्येच थांबतात, पक्ष्यांना होडीची सवय होऊ देतात. घाई करणारं गिऱ्हाईक रोहितांचा उडताना पाठमोरा फोटो घेऊन घरी जातं. छोट्या पक्ष्यांना लांब लेन्स लागते, हे मान्यच आहे. वाद आहे तो लांब लेन्सने लांबचा पक्षी मिळतो या समजाशी.

टेलिफोटोशिवाय काय होतं, याची उदाहरणं घरातच आहेत. मुंबईच्या नयन खानोलकरांना 2016 च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं, ते आरे वसाहतीत रात्री गल्लीतून चाललेल्या बिबट्याच्या फोटोसाठी. तो कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेला. बिबट्या रोज कुठून जातो हे आधी कळायला हवं होतं. लेन्स त्यानंतर आली. आणि 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले, त्यांत वाघांचे 76,651 फोटो आले, आणि पट्टे जुळवून 2,461 वाघ एकेक करून ओळखले गेले. देशातल्या वाघांचा तोवरचा सर्वांत मोठा अल्बम असा एकाही टेलिफोटो लेन्सशिवाय तयार झाला, आणि त्यातला शार्पनेस वाघाची ओळख पटवायला पुरला. देखणे नाहीत ते फोटो, हे खरं. पण पट्टे मोजता येतात.

याच पट्ट्यांवरून आणखी एका नव्या सल्ल्याचा समाचार घ्यावा लागतो : “मऊ आला तरी हरकत नाही, सॉफ्टवेअर शार्प करून देतं.” दाणे काढणारं सॉफ्टवेअर उपयोगी आहे, वर सांगितलंच. पण हललेल्या चेहऱ्यावर जे केस आणि ज्या मिशा ते उगवून देतं, त्या त्या वाघाच्या नसतात. पट्टा हा वाघाचा ठसा आहे. अंदाजाने काढलेल्या ठशाला फोटो म्हणायचं की चित्र, हे ज्याचं त्याने ठरवावं. मोठ्या स्पर्धा मूळ रॉ फाइल मागून घेतात, तेव्हा ते तिथे ठरतंच.

आणि ज्या पडद्यावर हे सगळं रडगाणं चालतं, त्याचाही हिशोब करावा. फुल एचडी पडदा वीस लाख पिक्सेलांचा. 45 मेगापिक्सेलचा फोटो त्यावर पूर्ण मोठा केला, की एका वेळी फोटोचा बाविसावा हिस्सा दिसतो. ए3 आकाराची उत्तम प्रिंट सतरा-साडेसतरा मेगापिक्सेलमध्ये निघते. भिंतीवर लावल्यावर जो दोष नाकाला चष्मा टेकवूनही दिसणार नाही, त्यासाठी चहा थंड होऊ द्यायचा का?

तरीही दोष काचेचाच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जंगलातही जायला नको. कुठल्याही मोकळ्या मैदानाच्या डांबरी कडेला, भर दुपारी, शंभर मीटरवर एक गाडी उभी करावी आणि तिच्या नंबर प्लेटचे वीस फोटो काढावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, त्याच जागेवरून, त्याच लेन्सने आणखी वीस. मग पंधरा मीटरवर येऊन पुन्हा वीस. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर, शटर 1/1000, आयएसओ जो लागेल तो. साठ फोटो शेजारी-शेजारी ठेवले की काचेवरचा खटला संध्याकाळपर्यंत निकाली निघतो. गाडी मात्र स्वतःचीच घ्यावी. लोकांच्या नंबर प्लेटचे फोटो काढत उभं राहिलं, की सोसायटीचा वॉचमन चौकशीला येतो.